वळीवड्याची शाळा परतीसाठी होती

प्रश्न असा आला आहे: "कोल्हापूरजवळ वळीवडे इथे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित राहायचे, असं आजी सांगायची. त्यांतली मुलं पुढे इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात जाऊन शिकली, नावारूपाला आली म्हणे. घरदार गेलेल्या मुलांना छावणीतल्या एका शाळेनं एवढं कसं दिलं? हे खरंच शिक्षणामुळे झालं का?"

शिक्षणामुळे झालं, पण आपल्याला वाटतं त्या वाटेनं नाही. महाविद्यालयात तीसेक वर्षं इतिहास शिकवला, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं या छावणीच्या कागदांत आणि तिथून गेलेल्या माणसांच्या आठवणींत गेली. सुरुवातीला मीही असंच समजत होतो की शाळेनं यांना परदेशासाठी तयार केलं. कागद वाचत गेलो तसं उलटंच दिसायला लागलं. वळीवड्याच्या शाळेनं या मुलांना परदेशासाठी तयार केलंच नव्हतं. तिनं त्यांना घरी परतण्यासाठी तयार केलं होतं. ते घर नकाशावरून पुसलं गेलं आणि मुलं भलत्याच देशांत जाऊन पोचली. तरीही ती शाळा उपयोगी पडली. हे कसं, ते सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला हे सगळ्यांना माहीत असतं. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलं जातं. वळीवड्याला आलेली बहुतेक माणसं या पूर्व भागातली. १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत चार लाटांत तिथल्या कुटुंबांना उचलून मालगाड्यांत कोंबलं आणि सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तान इथे नेऊन टाकलं. पहिली लाट १० फेब्रुवारी १९४० ची, ऐन कडाक्याच्या थंडीतली. तिच्यात जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि वनरक्षक यांची घरं होती. एप्रिलमधली दुसरी लाट मुख्यतः बायका-मुलांची, कारण त्यांचे पुरुष आधीच कैदेत होते. त्यांतल्या अनेकांना त्याच वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी गोळ्या घालण्यात आल्या. मारलेल्यांची एकूण संख्या सुमारे २२ हजार. त्यांत राखीव दलातले अधिकारी पुष्कळ होते, आणि राखीव अधिकारी म्हणजे एरवीचे शिक्षक, डॉक्टर, वकील, इंजिनिअर. ही गोष्ट लक्षात ठेवा, शाळेपाशी पुन्हा लागणार आहे.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर चाल केली आणि पारडं फिरलं. ३० जुलैला लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ऑगस्टमध्ये हद्दपार पोलिश नागरिकांना 'माफी' जाहीर झाली. गुन्हा कोणता म्हणून माफी, हे कुणी विचारायचं नाही. तुरुंगातून सुटलेल्या जनरल अँडर्सनी रशियातच पोलिश फौज उभी करायला घेतली आणि ही बातमी कानावर येईल तशी माणसं दक्षिणेकडे निघाली. उझबेकिस्तानात टायफसनं माणसं पटापट मेली. अनाथ मुलं फौजेच्या आधाराला आली आणि फौजेनं आपल्या शिध्यातून त्यांना जगवलं. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये सुमारे १ लाख १५ हजार लोक इराणात आले, बहुतेक कास्पियन समुद्र ओलांडून पहलवी बंदरात. त्यांत साधारण एक तृतीयांश फौजेबाहेरची साधी माणसं होती. किनाऱ्यावर त्यांची डोकी भादरली, अंगावरचे कपडे जाळले, धुऊनपुसून तंबूंत ठेवलं. या मुलांच्या आठवणी कुठल्याही देशात नोंदवलेल्या असोत, एक गोष्ट सगळीकडे सापडते: उशीखाली लपवलेला पाव. उद्या मिळेल की नाही, याचा भरवसा यायला महिने लागले.

भारतात पहिली तुकडी आली ती मुलांची, १९४२ मध्ये, लॉऱ्यांतून. अश्गाबात, मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा तो खुष्कीचा रस्ता. काही दिवस वांद्र्याला ठेवून मग त्यांना नवानगर संस्थानाचे राजे जामसाहेब यांनी जामनगरजवळ बालाचडीला उभारलेल्या छावणीत नेलं. वळीवड्याची मोठी छावणी त्यानंतरची, १९४३ ते १९४८. तिथे सुमारे पाच हजार माणसं होती आणि भारतातली ती सर्वांत मोठी पोलिश वसाहत.

इथे एक दुरुस्ती केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. "कोल्हापूरच्या महाराजांनी मोठ्या मनानं पोलिश लोकांना बोलावलं" असं हल्ली प्रत्येक लेखात असतं. छत्रपती राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरमध्येच वारले होते. १९४३ साली गादीवर दत्तक घेतलेले बाळ होते, दोन वर्षांचेही नव्हते, आणि कारभार त्यांच्या नावानं इतरांच्या हाती होता. छावणी झाली ती ब्रिटिश-भारत सरकार आणि पोलिश अधिकाऱ्यांच्या वाटाघाटींतून. संस्थानानं जागा दिली, कोल्हापूरच्या माणसांनी आपुलकी दिली, हे खरंच आहे आणि पुरेसं आहे. जामसाहेबांची गोष्ट कोल्हापूरला चिकटवायची गरज नाही.

आता शाळा. छावणीत कौलारू बराकी होत्या, पंचगंगा जवळ होती, आणि मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरचं वळीवडे स्टेशन हाकेच्या अंतरावर. बाया, मुलं आणि म्हातारी माणसं हेच बहुतेक रहिवासी. कर्ते पुरुष एकतर मेलेले किंवा अँडर्सच्या फौजेत. अशा वस्तीत पहिल्या काही महिन्यांत काय उभं राहिलं ते पाहा: बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, त्यावरचं लायसियम म्हणजे उच्च माध्यमिक शाळा, शिक्षिका तयार करण्याचे वर्ग, हस्तव्यवसायाचे वर्ग. जोडीला चर्च, दवाखाना, नाट्यगृह आणि स्काउटच्या तुकड्या. स्काउटांचं काम ज्यांनी जोमानं वाढवलं ते झ्दिस्वाफ पेश्कोव्स्की कातिनच्या कत्तलीतून वाचलेल्या थोड्या अधिकाऱ्यांपैकी एक. पुढे ते धर्मगुरू झाले.

ही घाई का, हा खरा प्रश्न आहे. पोटाला जेमतेम मिळू लागलेल्या लोकांनी आधी लायसियम कशाला काढावं? कारण त्या मोठ्या माणसांच्या डोक्यात हिशेब पक्का होता. युद्ध संपेल, आपण पोलंडला जाऊ, आणि तिथे शिकलेली माणसं लागतील, कारण शिकलेली माणसं जर्मनांनी आणि रशियानं दोघांनी मिळून मारली आहेत. ही मुलं म्हणजे त्या देशाचं बियाणं. उपाशी मेलो तरी बियाणं खायचं नसतं, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून अभ्यासक्रम तंतोतंत पोलंडचा. १९३२ च्या सुधारणेनंतर तिथली रचना अशी होती: प्राथमिक शाळा, मग चार वर्षांचं गिम्नाझ्युम आणि त्याच्या शेवटी 'छोटी मतुरा', मग दोन वर्षांचं लायसियम आणि त्याच्या शेवटी 'मोठी मतुरा'. मतुरा म्हणजे विद्यापीठाचं दार उघडणारी परीक्षा. वळीवड्यात हीच पायरी-पायरीची रचना होती, गुणांची भाषाही तीच. शिकवायचं काय? पोलिश भाषा आणि साहित्य, पोलंडचा इतिहास, पोलंडच्या नद्या आणि डोंगर, गणित, लॅटिन, धर्म. बाहेर पावसाळ्यात पंचगंगेला पूर आणि आत फळ्यावर पोलंडची विस्तुला नदी. पुस्तकांची वानवा होती. त्या काळात पोलिश पाठ्यपुस्तकं छापण्याचं मोठं केंद्र जेरुसलेम होतं, कारण अँडर्सच्या फौजेसोबतच्या शाळा पॅलेस्टाइनमध्ये होत्या. इकडे मुंबईतून 'पोलाक व इंदियाख', म्हणजे 'भारतातला पोलिश माणूस', हे नियतकालिक निघायचं. बाकी सगळं बाईंनी सांगायचं आणि मुलांनी वहीत उतरवायचं.

बाईंनी म्हणालो ते जाणूनबुजून. पुरुष शिक्षक कातिनच्या खड्ड्यात किंवा अँडर्सच्या फौजेबरोबर इटलीच्या आघाडीवर. वर्गावर बहुतांशी बायका, त्यांतल्या कित्येक स्वतः दोन वर्षं जंगलात लाकडं तोडून आलेल्या. आणि समोरची मुलं कशी? तीन-तीन वर्षं शाळा बुडालेली. काहींनी सोव्हिएत शाळेत रशियन लिपी गिरवलेली, पोलिश लिहिताना अडखळणारी. चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी शेजारी-शेजारी एकाच इयत्तेत. अशा ठिकाणी शिकवण्याचं कौशल्य म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात बसवणं आणि मोठ्या मुलाला लहानांत बसल्याची लाज वाटू न देणं. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे असेल, पण या बायकांविषयी मला जेवढा आदर वाटतो तेवढा यातल्या कुठल्याही जनरलबद्दल वाटत नाही. त्यांच्या नावे ना स्तंभ, ना चौक.

शाळेनं पहिलं काम केलं ते अभ्यासाचं नव्हतंच. तिनं दिवसाला आकार दिला. सकाळची प्रार्थना, घंटा, तास, गृहपाठ, संध्याकाळी स्काउटची शेकोटी. दोन-तीन वर्षं ज्या मुलाच्या आयुष्यात 'उद्या' नावाची गोष्टच नव्हती, त्याला 'उद्या भूगोलाची चाचणी आहे' हे वाक्य औषधासारखं लागू पडतं. आज निर्वासितांच्या छावण्यांत शाळा सुरू करताना हेच कारण आधी सांगितलं जातं. त्या बायकांनी ते कुठल्या अहवालात वाचलेलं नव्हतं.

आता या शाळेचा दोष. इंग्रजी कमी पडलं. विषय होता, पण परक्या भाषेचा एक विषय एवढंच त्याचं स्थान. काही मुलींना पाचगणीच्या इंग्रजी कॉन्व्हेंटमध्ये पाठवलं गेलं. तिथल्या हवेसाठी क्षयाचे रुग्णही पाचगणीला जात. या मुलींना पुढे जो फायदा झाला तो वळीवड्यात राहिलेल्यांना झाला नाही. काही पालकांचा मात्र विरोध असायचा. मुलं इंग्रजीत शिकली तर घरी जाऊन करतील काय? १९४३ मध्ये हा आक्षेप अगदी रास्त होता. १९४६ मध्ये त्याच आक्षेपानं मुलांची दोन-चार वर्षं खाल्ली. मागाहून शहाणपण शिकवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्या पालकांकडे १९४३ चंच वर्तमानपत्र होतं.

घाव बसला तो १९४५ च्या फेब्रुवारीत, चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांच्या याल्टाच्या बैठकीत. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहील हे तिथे ठरलं. ल्वूफ, विल्नो, ग्रोद्नो, पिन्स्क ही शहरं आता पोलंडमध्ये नव्हती. आज ती युक्रेन, लिथुआनिया आणि बेलारुसमध्ये आहेत. ज्यांच्या बापांनी मे १९४४ मध्ये इटलीतला माँते कासिनोचा डोंगर जिंकला, त्यांचं गाव मित्रराष्ट्रांनीच दुसऱ्याला देऊन टाकलं. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेनं वॉर्सामधल्या नव्या, मॉस्कोच्या ओंजळीनं पाणी पिणाऱ्या सरकारला मान्यता दिली. म्हणजे लंडनचं सरकार, ज्याच्या पैशावर आणि अभ्यासक्रमावर ही शाळा चालत होती, एका दिवसात कागदोपत्री नाहीसं झालं. छावणीचा भार पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संघटनांकडे गेला. काहीजण पोलंडला परतले. बहुतेकांनी नकार दिला. ज्या राजवटीनं मालगाडीत घातलं, तिच्या छायेत पुन्हा कशाला जायचं? बालाचडीच्या अनाथ मुलांना जबरदस्तीनं परत पाठवलं जाऊ नये म्हणून जामसाहेबांनी आणि तिथल्या पोलिश पाद्र्यांनी पालकत्वाचे कायदेशीर कागद करून ठेवले. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तिथली मुलं वळीवड्याला आली.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. परदेशाचं दार कुणी उघडलं? शाळेनं नाही. दार उघडलं बापाच्या किंवा भावाच्या लष्करी नंबरानं. पोलिश फौज ब्रिटिशांच्या आधिपत्याखाली लढली होती, तिला इटलीतून ब्रिटनला आणलं गेलं, आणि १९४७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेनं पोलिश पुनर्वसन कायदा केला. त्या कायद्यामुळे सैनिकांच्या कुटुंबांना येता आलं. वळीवड्यातल्या ज्या घरातला एक माणूस अँडर्सच्या फौजेत होता, त्या घराची वाट इंग्लंडकडे गेली, मुलगी वर्गात पहिली असो की शेवटची. ज्यांचं फौजेत कुणी उरलं नव्हतं, त्यांच्या नशिबी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या याद्या आल्या. ऑस्ट्रेलिया अशा लोकांना घ्यायचा, पण दोन वर्षं सरकार सांगेल ते काम करण्याच्या करारावर. पुरुषाच्या कागदावर 'मजूर', बाईच्या कागदावर 'घरकाम', मग युरोपात तो डॉक्टर का असेना. अमेरिकेनं जून १९४८ मध्ये कायदा केला, तोही अटी घालून. हुशार विद्यार्थी म्हणून कुणाचं जहाज आधी सुटलं नाही.

शिक्षण उपयोगी पडलं ते उतरल्यावर. ब्रिटनमध्ये ही कुटुंबं पहिल्यांदा कुठे राहिली? पुन्हा छावणीत! रिकाम्या झालेल्या लष्करी तळांवर, अर्धगोल पत्र्याच्या निसेन झोपड्यांत. कोल्हापूरच्या उन्हातून थेट तिथल्या ओल्या थंडीत. यांतल्या काही वसाहती १९६० च्या दशकापर्यंत चालल्या. त्याच १९४७ साली ब्रिटिश सरकारनं पोलिशांच्या शिक्षणासाठी एक समिती नेमली. तिचं धोरण साधं होतं: मुलांना लवकरात लवकर इंग्रजी शाळांत मिसळवायचं, मधल्या काळात पोलिश निवासी शाळा चालवायच्या. लंडनमध्ये पोलिश युनिव्हर्सिटी कॉलेज निघालं, जिथे तरुणांना लंडन विद्यापीठाच्या पदवीसाठी तयार करत. त्याआधी, युद्ध चालू असतानाच, एडिंबरामध्ये १९४१ साली पोलिश वैद्यकीय विद्यालय सुरू झालं होतं. ते १९४९ पर्यंत चाललं आणि त्यातून २२७ डॉक्टर बाहेर पडले.

या सगळ्याचा फायदा कुणाला किती झाला, हे ठरलं वयावर. माझ्या पाहण्यात हाच सर्वांत निर्णायक धागा आहे आणि लेखांमध्ये तो कुठेच येत नाही. १९४३ मध्ये सहा-सात वर्षांचं असलेलं मूल १९४८ मध्ये अकरा-बाराचं होतं. ब्रिटनमध्ये अकराव्या वर्षीच मुलांची वाट ठरे: ग्रामर स्कूल की साधी शाळा. वाचायची सवय, हिशेब आणि शिस्त वळीवड्यातून घेऊन आलेलं हे मूल एक-दोन वर्षांत इंग्रजी उचलायचं आणि पुढे निघायचं. तुमच्या आजीनं ऐकलेले बरेचसे डॉक्टर-इंजिनिअर या गटातले असणार. उलट जी मुलगी वळीवड्यात अठराव्या वर्षी मतुरा झाली, तिची पोलिश उत्तम, लॅटिन चांगलं, इंग्रजी तोडकंमोडकं. तिला विद्यापीठाचं दार उघडं होतं, पण फीसाठी आणि आईच्या औषधासाठी दिवसा कारखान्यात जावं लागे. अशा मुलींपैकी अनेकींनी परिचारिकेची वाट धरली. राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ च्या जुलैत सुरू झाली होती, रुग्णालयांना हात हवे होते, आणि शिकतानाच राहायची सोय व थोडा पगार मिळे. सर्वांत वाईट गत झाली मधल्यांची. चौदा-पंधराची मुलं, सैबेरियात आणि वाटेत मिळून तीन वर्षं बुडाली, इथे धावून-धावून बरोबरी केली, तर परीक्षेच्या तोंडावर शाळाच बदलली. ब्रिटनमध्ये तेव्हा पंधराव्या वर्षी शाळा सोडता येई. त्यांनी सोडली. रात्रशाळेच्या जोरावर काहीजण पुढे गेले. बाकीच्यांची मुलं शिकली.

आणि त्या आया. कुणी कपडे धुण्याच्या कारखान्यात, कुणी शिलाईवर, कुणी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. चाळिशीत तिसरी भाषा शिकायचं त्राण फार थोड्या जणींत होतं. कित्येकींचं उरलेलं आयुष्य पोलिश चर्च, पोलिश दुकान आणि पत्रं एवढ्यात गेलं. एका पिढीच्या शिक्षणाचा खर्च आधीच्या पिढीनं उचलला, हे आपल्याकडे गिरणगावात राहिलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

मग वळीवड्याच्या शाळेचं देणं काय? तीन गोष्टी ठामपणे सांगतो. शिकण्याची सवय मोडू दिली नाही. चार-पाच वर्षं सलग शाळा मिळालेलं मूल परक्या भाषेतही वर्गात कसं बसायचं हे जाणतं. स्वतःची भाषा पक्की केली, आणि एक भाषा नीट लिहिता येणारा माणूस दुसरी लवकर शिकतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत रूक्ष आहे, म्हणूनच कुणी बोलत नाही. शाळेनं कागद दिले.

जन्मदाखला नाही, घराचा उतारा नाही, बापाच्या मृत्यूची नोंद नाही, अशा मुलाच्या हातात वळीवड्याच्या शाळेचं शिक्क्यासकट प्रमाणपत्र होतं. कुठली इयत्ता, कुठले विषय, किती गुण. दुसऱ्या देशातल्या मुख्याध्यापकाला ते वाचता येत नसेल, पण भाषांतर करून घेता येत होतं. काही वर्षांपूर्वी छावणीची जागा पाहायला आलेल्या एका वृद्ध बाईंनी आपलं असं प्रमाणपत्र पिशवीतून काढून मला दाखवलं होतं, घड्यांवर फाटलेलं, मागून पट्टी लावलेलं. पोलिश: 'बार्द्झो दोब्री', म्हणजे अत्युत्तम. इतिहास: तेच. इंग्रजी: 'दोस्तातेच्नी', म्हणजे पुरेसं. "साउदॅम्प्टनला उतरल्यावर कळलं, अजिबात पुरेसं नव्हतं," असं म्हणून त्या खळखळून हसल्या. पण तेच चिठोरं दाखवून त्यांना योग्य इयत्तेत बसवलं गेलं; नाहीतर वयानं थोराड, भाषेनं अडाणी म्हणून सरळ कामाला लावलं असतं. आजही निर्वासित विद्यार्थी याच जागी अडतो. पदवी आहे, कागद जळालेत. म्हणून एका देशाच्या पदव्यांना दुसऱ्या देशात मान्यता देण्याबद्दलच्या १९९७ च्या लिस्बन करारात एक स्वतंत्र कलम घातलं गेलं: निर्वासिताकडे दाखले नसले तरी त्याची पात्रता तपासण्याची रीतसर पद्धत देशांनी ठेवावी. पन्नास वर्षं गेली मध्ये.

तुलनेसाठी न्यूझीलंड पाहा. मुंबई बंदरातून निघालेली ७३३ पोलिश मुलं १ नोव्हेंबर १९४४ ला वेलिंग्टनला उतरली आणि पाहिआतुआच्या छावणीत राहिली. तिथेही सुरुवातीला सगळं पोलिशमध्ये, परतीच्या बोलीवर. पण याल्टानंतर तिथल्या सरकारनं मुलांना राहायला सांगितलं आणि मोठ्या मुलांना चटकन स्थानिक इंग्रजी शाळांत घातलं. तिथल्या मुलांना दार शोधावं लागलं नाही, कारण दार आधीच उघडं होतं. मेक्सिकोत सांता रोसाला गेलेल्या सुमारे चौदाशे लोकांचं असं झालं नाही. ती छावणी युद्धापुरती होती, नंतर पुन्हा पांगापांग. मुलं तीच, रशियातून आलेली, शाळा साधारण तशीच. फरक राहण्याच्या हक्काचा. म्हणून "शिक्षणानं घडवलं" हे वाक्य मी अर्धंच लिहितो.

जाता जाता एक नाव, कारण आपल्याकडे ते जवळजवळ पुसलं गेलं आहे. वांदा दिनोव्स्का ऊर्फ उमादेवी, गांधीजींच्या परिचयातली पोलिश विदुषी. हिनं मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीनं पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली आणि छावणीतल्या मुलांना भारत दाखवण्याची धडपड केली. फ्रीडमन म्हणजे औंध संस्थानातल्या स्वराज्याच्या प्रयोगात ज्यांचा हात होता तेच. १९६० नंतर ही बाई तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी झटली. छावणीतल्या मोजक्या मुलींनी इथल्या तरुणांशी लग्नं केली आणि त्या इथेच राहिल्या. त्यांचं शिक्षण मराठीत झालं म्हणायचं, सासूच्या हाताखाली.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ साली उभारलेला स्तंभ आहे. तो उभा राहिला तो याच मुलांच्या पुढाकारानं, म्हणजे पन्नास वर्षांनी साठी-सत्तरीला पोचलेल्या 'भारतातल्या पोलिशांच्या' मंडळामुळे. तिथून वळीवडे स्टेशनाकडे जा. छावणी शोधू नका, गांधीनगर विचारा. १९४८ मध्ये पोलिश लोक जहाजावर चढले आणि त्या रिकाम्या बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आज तिथे कापडाची घाऊक बाजारपेठ आहे, सबंध जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला तिथे येतो. पोलिश मुलांनी वहीच्या जोरावर जे केलं, ते यांनी गठ्ठ्यांच्या आणि हिशेबाच्या जोरावर केलं. पण कराचीहून आलेल्या सिंधी प्राध्यापकांनी त्याच १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज काढलं, हेही विसरू नका. एकाच छताखाली लागोपाठ राहिलेल्या दोन निर्वासित समाजांच्या वाटा अशा वेगळ्या का झाल्या, हा प्रश्न एकदा स्वतंत्रपणे विचारा. त्याचं उत्तर याहून लांब होईल.